हरणाऱ्या कॉलेज फुटबॉल टीमचा हेड कोच कसा निवडावा: नाव सगळ्यात शेवटी

शनिवारी टीम सलग चौथ्यांदा हरली की रविवारी सकाळच्या चहाआधीच नावं सुरू होतात. अमक्याला आणा, तमका आपल्याच कॉलेजचा आहे, ढमक्याने गेल्या वर्षी अकरा मॅच जिंकल्या. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (सॉकर नव्हे, हेल्मेटवालं) कोचची निवड बहुतेक वेळा इथेच फसते. टीमचं नेमकं दुखणं काय, हे कोणी पाहिलेलं नसतं आणि औषधाचं नाव मात्र ठरलेलं असतं.

मी इथल्या एका राज्य विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून दोनदा कोच शोधणाऱ्या सल्लागार समितीवर बसलो आहे. पहिल्यांदा आम्ही सपशेल चुकलो, दुसऱ्यांदा जरा कमी. आपल्याकडची बरीच मंडळी आता अशा विद्यापीठांची माजी विद्यार्थी आहेत, देणगीदार आहेत, कुठेकुठे समित्यांवरही आहेत आणि सगळ्यांचा सूर तोच असतो: आधी नाव सांगा. म्हणून ही कामं कोणत्या क्रमाने करायची ते लिहितो आहे. क्रम चुकला तर चांगला माणूससुद्धा वाया जातो.

### १. काढण्याआधी जुना करार वाचा

जुन्या कोचला काढायचं मनात आलं की पहिला फोन वकिलाला. करारातल्या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या. मुदतीआधी काढलं तर किती पैसे द्यावे लागतात (याला सगळे बायआउट म्हणतात), ती रक्कम कोणत्या तारखेला कमी होते, आणि त्याला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार आपल्या देण्यातून वजा होतो का.

नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्टला २०२२ मध्ये ११ सप्टेंबरला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरचं बायआउट जवळपास निम्म्यावर आलं असतं. ती तारीख राज्यभरातल्या चाहत्यांना पाठ होती. पण घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा मार खाल्ल्यावर थांबायचं नाही, असं विद्यापीठाने ठरवलं. त्यावर वाद घाला, हरकत नाही. निदान आकडा माहीत असून निर्णय झाला. कोचला काढून झाल्यावर आकडा कळणं ही खरी चूक.

तिसरा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळ्यात महाग तोच पडतो. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं तेव्हा देणं सुमारे ४.९ कोटी डॉलर होतं. महिनाभरात व्हर्जिनिया टेकने त्याला घेतलं आणि तडजोड ९० लाखांवर झाली. उलट टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा सुमारे ७.६ कोटी डॉलर देणं लागत होतं आणि त्यातून काहीही वजा होणार नव्हतं.

सावधान: 'कारण दाखवून काढू, म्हणजे पैसे वाचतील' हा मोह आवरा. हरणं हे करारातलं 'कारण' नसतं. हातात लेखी पुरावा नसेल तर हा शब्द पत्रकार परिषदेत तोंडातूनही काढू नका.

### २. शेवटचा शब्द कोणाचा, ते लिहून ठेवा

विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख म्हणजे अॅथलेटिक डायरेक्टर. पुढे त्याला ए.डी. म्हणतो. शोध ए.डी.ने करायचा, प्रेसिडेंटने मंजुरी द्यायची, बोर्डाने पैशांना हो म्हणायचं. बाकी सगळे, आमच्यासारख्या समित्याही, सल्ला देणारे. हे एका पानावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. औपचारिकता वाटते, पण वादळ सुटलं की हेच पान उपयोगी पडतं.

टेनेसीत नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्रेग शियानोशी बोलणी पक्की झाली होती. एका रविवारी बातमी बाहेर पडली, चाहते आणि आमदार मंडळी उसळली आणि संध्याकाळपर्यंत सगळं मोडलं. पाच दिवसांत ए.डी.ला बाजूला केलं, नव्या ए.डी.ने जेरेमी प्रुइटला आणलं, आणि २०२१ च्या जानेवारीत प्रुइटला रिक्रूटिंगच्या (नवे खेळाडू मिळवण्याच्या) नियमभंगांवरून काढावं लागलं. एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम सांभाळणारी राष्ट्रीय संस्था) पुढे विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड केला.

लुइझियानात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर खुद्द गव्हर्नरांनी जाहीर सांगितलं की एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) पुढचा कोच आत्ताचा ए.डी. निवडणार नाही. दुसऱ्या दिवशी ए.डी. पदावरून गेले. अशा घरात यायला चांगला कोच जास्त पैसे मागतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

ए.डी.च जाणार असेल तर आधी ए.डी. नेमा. कॅन्ससने २०२१ च्या मार्चमध्ये दोन दिवसांच्या अंतराने कोच आणि ए.डी. दोघांना निरोप दिला, एप्रिलच्या सुरुवातीला नवा ए.डी. आणला आणि त्याने महिनाअखेर लान्स लिपोल्डला निवडलं. एप्रिलमध्ये कोच नेमणं वेड्यासारखं दिसतं. तरी तो निर्णय चालला, कारण निवडणारा आणि निभावणारा एकच होता.

तपासा: सगळ्यात मोठ्या तीन देणगीदारांना त्यांना नकाराधिकार नाही हे ए.डी.ने समोर बसून सांगितलं आहे का? ईमेल करून हे सांगता येत नाही.

### ३. टीमचं दुखणं शोधा (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

लोक हा टप्पा गाळतात. 'जिंकत नाही' हे लक्षण झालं, आजार वेगळा असतो.

पहिलं काम: मागच्या चार वर्षांत सही करून (कॉलेजशी लेखी बांधून घेऊन) आलेल्या खेळाडूंची नावं मोठ्या कागदावर लिहा आणि जे सोडून गेले त्यांच्यावर काट मारा. आमच्या दुसऱ्या समितीत हे मी केलं, घरी जेवणाच्या टेबलावर, लाल पेनने. चार वर्षांपूर्वी आलेल्या तेवीस जणांपैकी सात उरले होते आणि त्या सातांत ऑफेन्सिव्ह लाइनचा (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या भिंतीचा) एकही नव्हता. तोपर्यंत समितीत चर्चा चालली होती ती 'आक्रमक विचारांचा तरुण कोच हवा' अशी. क्वार्टरबॅकसमोर उभी राहायला माणसंच नसतील तर आक्रमक विचार अडीच सेकंदांत आडवा होतो. कागद टेबलावर पसरल्यावर एक देणगीदार चष्मा काढून म्हणाले, "मग ही पोरं गेली कुठे?" दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी कामाचा प्रश्न विचारला होता. उत्तर साधं निघालं. चार वर्षांत लाइनचे तीन कोच बदलले होते. ज्याच्या भरवशावर पोरगा आला तो माणूसच वर्षभरात निघून जात होता. आमचं दुखणं खेळाच्या पद्धतीत नव्हतं, असिस्टंट टिकत नव्हते यात होतं.

दुसरं काम: थोडक्यात हरलेल्या मॅच वेगळ्या काढा. नेब्रास्का २०२१ मध्ये नऊ मॅच हरली आणि त्यातला एकही पराभव नऊपेक्षा जास्त गुणांचा नव्हता. माझ्या विषयाचा नियम असा, की निसटत्या निकालांत नशिबाचा वाटा मोठा असतो आणि पुढच्या वर्षी गाडी बहुतेक वेळा सरासरीकडे येते. म्हणून एकाच वर्षातल्या निसटत्या पराभवांवरून कोच काढू नये. पण फ्रॉस्टच्या काळात एका स्कोअरच्या (आठ गुणांच्या) आतल्या मॅचचा हिशोब ५ जिंकल्या, २२ हरल्या असा होता. इतकं एकतर्फी नशीब नसतं. असं दिसलं की स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारे खेळाडू), पेनल्टी आणि शेवटच्या चार मिनिटांतलं घड्याळ यांत खोट शोधा, आणि ज्याच्या टीमचं नेमकं हेच चोख आहे असा माणूस हुडका.

तिसरं काम पैशांचं. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला, सगळे खेळ धरून, सुमारे २.०५ कोटी डॉलर. तुमचं विद्यापीठ त्यातले प्रत्यक्षात किती देतं आणि फुटबॉलच्या वाट्याला किती येतात, हे विचारा. प्रतिस्पर्धी पूर्ण रक्कम देत असतील आणि तुम्ही निम्मी, तर ती गोष्ट उमेदवाराला तुम्हीच आधी सांगा. पोह्यांच्या पैशात पंगत उठवणारे कोच असतात, पण फार थोडे, आणि त्यांनाही पोहेच आहेत हे आधी माहीत असावं लागतं.

शेवटी या सगळ्याची तीन-चार वाक्यं करा. आमचं निदान असं होतं: लाइनमध्ये माणसं नाहीत, असिस्टंट टिकत नाहीत, खेळाडूंवर खर्च कॉन्फरन्समध्ये (आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) खालून तिसरा. त्यात कोणाचंही नाव नव्हतं आणि ते मुद्दाम.

### ४. कॅलेंडर भिंतीवर लावा

कॉलेज फुटबॉलमध्ये घाई का होते ते तारखा पाहिल्या की कळतं. हायस्कूलच्या मुलांच्या सह्यांचा मुख्य दिवस आता डिसेंबरचा पहिला बुधवार आहे. खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी ट्रान्सफर पोर्टल २०२६ पासून जानेवारीत एकदाच, २ ते १६ तारखेपर्यंत उघडतं. शिवाय हेड कोच बदलला तर तुमच्या खेळाडूंसाठी वेगळी खिडकी असते: नव्या कोचची घोषणा झाल्यावर पाच दिवसांनी सुरू होते आणि पंधरा दिवस चालते.

म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोच काढला तर सहा-आठ आठवडे मिळतात. नोव्हेंबरअखेर काढला तर चार-पाच दिवस. पेन स्टेटला सुरुवात लवकर करूनही हे जमलं नाही. १२ ऑक्टोबरला जागा रिकामी झाली, नवा कोच मॅट कॅम्पबेल ५ डिसेंबरला ठरला. मधल्या ३ डिसेंबरला सह्यांचा दिवस होता आणि त्या दिवशी अवघ्या दोन मुलांनी सही केली. मॅट कॅम्पबेल चांगली निवड नाही असं मी म्हणत नाही. त्या वर्षीची मुलं मात्र दुसऱ्यांकडे गेली.

सावधान: तारीख गाठायची म्हणून तिसऱ्या पसंतीच्या माणसावर उडी मारणं हे उतावळ्या नवऱ्याचं गुडघ्याला बाशिंग. सह्यांचा एक दिवस पोर्टलमधून थोडाफार भरून निघतो. चुकलेला कोच चार वर्षं घेतो आणि वर बायआउट.

### ५. आता यादी करा

इथे पहिल्यांदा नावं येतात. साधारण बारा, त्यातून सहा, त्यातून तीन. हुशार ए.डी. ही यादी वर्षभर खिशात ठेवतो, टीम जिंकत असतानाही.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे गेलेल्या कोचच्या नेमका उलटा माणूस शोधणं. कडक होता, आता प्रेमळ हवा. म्हातारा होता, आता तरुण हवा. नेब्रास्काचे बो पेलिनी तापट म्हणून ओळखले जात, पण सातही हंगामांत त्यांनी निदान नऊ मॅच जिंकल्या. २०१४ मध्ये त्यांना काढून सौम्य स्वभावाचे माइक रायली आणले. तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव. स्वभाव बदलून मिळाला, पण मॅच स्वभावावर हरल्या जात नव्हत्या. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकायला हरकत नाही. दूध कशाने जास्त तापलं तेही पाहा.

यादीतल्या प्रत्येकासमोर विजयांची टक्केवारी लिहिण्याऐवजी हे तीन रकाने करा:

- तो येण्याआधी ती टीम कशी होती आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कशी झाली.
- त्या यशात आधीच्या कोचचे खेळाडू किती, त्याने स्वतः आणलेले किती.
- त्याच्याबरोबर जागा बदलत आलेले असिस्टंट किती, आणि किती वर्षांचे.

टक्केवारी किती फसवते याचं उदाहरण लिपोल्ड. बफलोत सहा वर्षांत ३७ विजय, ३३ पराभव, कागदावर सामान्य. पण दुसऱ्या वर्षी २-१० (दोन विजय, दहा पराभव) असलेली टीम चौथ्या वर्षी १०-४ झाली होती. त्याआधी विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला तिसऱ्या डिव्हिजनची सहा राष्ट्रीय विजेतेपदं, आणि सहकारी बरीच वर्षं तेच. कॅन्ससला आल्यावर २-१०, ६-७, ९-४. इंडियानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्ट सिग्नेटीला आणलं तेव्हा तो ६२ वर्षांचा होता आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये हेड कोच म्हणून त्याने एकही मॅच खेळवलेली नव्हती. पण तो येण्याआधी २-९ असलेली ईलॉनची टीम त्याने पहिल्याच वर्षी ८-४ केली होती. जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना त्याने तेरा खेळाडू आणि दोन्ही कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे मुख्य असिस्टंट) बरोबर आणले. ३-९ ची इंडियाना पुढच्याच वर्षी ११-२ झाली आणि २०२५ च्या हंगामात १६-० करून राष्ट्रीय विजेती.

याचा अर्थ 'छोट्या कॉलेजातून म्हातारा कोच आणा' असा काढू नका. लगेच तसली फॅशन येते. अर्थ एवढाच, की पडलेली टीम उभी करणं हे वेगळं कसब आहे आणि ते करून दाखवलेला माणूस कोणत्या पायरीवर आहे याला महत्त्व कमी. मोठ्या टीमच्या नावाजलेल्या कोऑर्डिनेटरने उत्तम खेळाडूंना खेळवलेलं असतं. तुमच्याकडे ते नाहीत. त्याला घेऊच नये असं नाही, पण त्याला वेळ जास्त लागेल हे गृहीत धरा.

सर्च फर्म (उमेदवार शोधून देणारी कंपनी) आणि एजंट यांबद्दल थोडक्यात. फर्मचा उपयोग गुप्तता, भेटींचं वेळापत्रक आणि पार्श्वभूमीची चौकशी यांपुरता करा; निवड तिच्यावर सोडू नका. मोठ्या कोचांचे एजंट मोजकेच आहेत. जिमी सेक्स्टनसारखा एकच एजंट तुमच्या तीन उमेदवारांचा असू शकतो, आणि ज्याला तुम्ही काढलं त्याचाही. 'माझ्या माणसाला तुमच्याकडे रस आहे' या वाक्याचा अर्थ बऱ्याचदा 'त्याला आहे तिथे पगारवाढ हवी आहे' असा असतो.

### ६. चौकशी: आधी, नंतर नव्हे

नोटर डेमने डिसेंबर २००१ मध्ये जॉर्ज ओ'लिअरीला नेमलं. पाच दिवसांत राजीनामा. बायोडेटात पदव्युत्तर पदवी आणि कॉलेजात खेळल्याचा दावा होता, दोन्ही खोटे निघाले. दोन फोनमध्ये कळलं असतं. आजही पदवीची पडताळणी 'मोठा माणूस आहे, कसं विचारायचं' म्हणून राहून जाते. मुलीसाठी स्थळ बघताना आपण जेवढं विचारतो तेवढं तरी विचारा.

चौकशी तीन थरांची करा. कागद: पदव्या, कोर्टाची प्रकरणं, कर्जं. नियम: जिथे जिथे काम केलं तिथल्या एनसीएएच्या तक्रारी, २०२३ पासून असिस्टंटच्या नियमभंगाची जबाबदारी आपोआप हेड कोचवर येते, त्यामुळे 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. आणि माणसं.

माणसांत उमेदवाराने दिलेल्या नावांना फोन करून फार हाती लागत नाही. त्याने न दिलेल्यांना करा: टीमचा अभ्यास सांभाळणारी सल्लागार, दुखापती बघणारा ट्रेनर, साहित्याच्या खोलीतला माणूस, त्या भागातले हायस्कूलचे कोच. पहिल्या वेळी आम्ही हे केलं नाही. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांनी एका परिषदेत त्या कोचच्या जुन्या कॉलेजातली अभ्यास-सल्लागार माझ्या शेजारी जेवायला बसली. तिने वाईट काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "तुमच्याकडे तरी तो सोमवारच्या बैठकीला येतो का?" येत नव्हता. आम्ही ते व्यस्तता समजत होतो.

तपासा: दुखापत झालेल्या खेळाडूला घाईने मैदानात उतरवायचा दबाव त्याने कधी टाकला का, हा प्रश्न ट्रेनरला विचारला गेला का? उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐका.

### ७. मुलाखत

विमानतळाजवळचं हॉटेल, वेगळ्या नावाने घेतलेली खोली, चार माणसं. पाचवा नको. आमच्या पहिल्या शोधात समितीतल्या कोणीतरी नाव फोडलं. उमेदवाराच्या खेळाडूंना ते जेवणाच्या हॉलमध्ये फोनवर कळलं आणि त्याने दुसऱ्या सकाळी माघार घेतली. तो आमचा पहिल्या पसंतीचा माणूस होता. शिवाय चाहते खासगी विमानांचे मार्ग बघत बसतात, ए.डी.ने विद्यापीठाचं विमान घेऊन जाण्याचं धाडस करू नये.

'तुमचं तत्त्वज्ञान काय' हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे जाड फाइलीत, टॅब लावून तयार असतं. त्याऐवजी टप्पा तीनमधलं निदान समोर ठेवा आणि वीस मिनिटं गप्प बसा. पुढे विचारायचं ते असं:

पहिल्या बहात्तर तासांत कोणाला फोन करणार, नावासकट? कोण असिस्टंट नक्की येणार, त्यांच्याशी बोलणं झालं आहे का, आणि त्यांना ठेवायला पगार किती लागेल? आमच्या सध्याच्या टीममधले कोणते पाच खेळाडू काहीही करून थांबवायचे? (मागच्या तीन मॅच त्याने पाहिल्यात की नाही, हे इथेच कळतं.) सगळ्यात वाईट हंगामानंतर काय बदललं आणि कोणाला काढलं?

दुसऱ्या शोधात ज्याला निवडलं त्याने लाइनच्या कोचचं नाव पहिल्या मिनिटाला सांगितलं आणि 'त्याला तीन वर्षांचा करार द्या, माझ्या पगारातून कापा' असं म्हणाला. आम्ही कापले नाहीत, पण पेन खाली ठेवलं.

### ८. करार

इथे ए.डी. थकलेला असतो, एजंट ताजातवाना. चार गोष्टींवर अडून बसा.

मुदत. पडलेल्या टीमसाठी पाच-सहा वर्षं रास्त. दहा वर्षांच्या हमीची किंमत शेवटच्या टप्प्यात येते.

वजावट. काढल्यावर दुसरी नोकरी शोधायची जबाबदारी त्याच्यावर, आणि तिथला पगार आपल्या देण्यातून कमी. कलम लेखी हवं. एजंट सगळ्यात शेवटी, रात्री अकराला, हेच कलम काढायला सांगतो.

तो सोडून गेला तर. टेंपलने डिसेंबर २०१८ मध्ये मॅनी डियाझला नेमलं. सतराव्या दिवशी तो मायामीला परत गेला. टेंपलला सुमारे ४० लाख डॉलर मिळाले ते हे कलम पक्कं होतं म्हणून.

असिस्टंटांचा निधी. हेड कोचच्या पगारातून दहा लाख कमी करून ते असिस्टंटांकडे वळवा. २०२४ पासून मैदानावर शिकवणाऱ्या कोचांच्या संख्येवरची मर्यादा उठली आहे, त्यामुळे हा पैसा आता थेट टीमला दिसतो.

सावधान: निदान मुख्य अटींच्या कागदावर दोन्ही सह्या झाल्याशिवाय घोषणा नाही. एकदा टोपी घालून फोटो निघाला की घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

### ९. घोषणा आणि पुढचे वीस दिवस

क्रम असा: आधी टीमची खोली, मग सही करू पाहणाऱ्या मुलांचे पालक, मग देणगीदार, मग पत्रकार. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो आणि खेळाडूंना नवा कोच टीव्हीवर दिसतो. त्यांच्या पोर्टलची खिडकी उघडायला त्या वेळी पाचच दिवस उरलेले असतात.

त्या पाच दिवसांत कोचने प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटं एकट्याने भेटायचं. रोस्टर (टीमची यादी) १०५ पर्यंतचं असतं. सव्वीस तासांचं काम आहे, जमतं. कोणाला 'तुझी जागा नाही' सांगायचं असेल तर तेही तिथेच, तोंडावर. मधल्या काळात टीम सांभाळणाऱ्या हंगामी कोचला काय मिळणार आहे तेही पहिल्याच दिवशी सांगा. खेळाडू त्याचा चेहरा वाचत असतात.

### १०. पहिली दोन-तीन वर्षं

व्हँडरबिल्टमध्ये क्लार्क ली: २-१०, ५-७, पुन्हा २-१०. बहुतेक विद्यापीठांत इथे गाठोडं बांधायला सांगतात. ए.डी. कँडिस स्टोरी ली यांनी ठेवलं, पण 'चालू द्या' म्हणून नाही. तिसऱ्या वर्षानंतर कोचने डिफेन्सचे निर्णय स्वतःकडे घेतले आणि न्यू मेक्सिको स्टेटकडून नवे ऑफेन्सवाले आणले; मागोमाग क्वार्टरबॅक डिएगो पाविया आला. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या अॅलाबामाला ४०-३५ हरवलं आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून कंबरलँड नदीत नेऊन टाकला.

म्हणून दोन्ही टोकांना नियम लावा. वाईट वर्षानंतर विचारा: निदानातल्या तीन ओळींपैकी कोणती सुधारली? लाइनमधली किती मुलं टिकली, किती असिस्टंट थांबले? या आकड्यांत हालचाल असेल तर पराभव गिळा. नसेल तर पाच विजयांनीही हुरळून जाऊ नका.

आणि चांगल्या वर्षानंतर तिजोरीची किल्ली लपवा. मिशिगन स्टेटने मेल टकरला २०२१ मध्ये एका झकास हंगामाच्या जोरावर दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा करार दिला. पुढच्या वर्षी ५-७, आणि त्यापुढच्या सप्टेंबरमध्ये त्याला बडतर्फ केलं. टेक्सस ए अँड एमचं ७.६ कोटींचं देणंही २०२० च्या ९-१ नंतर दिलेल्या मुदतवाढीतूनच वाढलं. दुसऱ्या कॉलेजचा फोन आला म्हणून एजंट नोव्हेंबरात दार ठोठावेल. त्याला सांगा, जानेवारीत पोर्टल बंद झाल्यावर बसू. त्या आठ आठवड्यांत निम्मे फोन खोटे निघतात.